प्रॉक्सी सर्व्हर का गुदमरतो

मुंबईच्या उपनगरात इंटरनेट मंदावले की पहिला संशय तारेवर जातो. रस्ता खोदताना फायबर तुटली असेल, केबलवाल्याने बँडविड्थ कमी घेतली असेल, पावसाचे पाणी जोडपेटीत शिरले असेल. हे संशय पुष्कळदा खरे ठरतात. पण एका प्रकारच्या बिघाडात तारेत भरपूर जागा असते, सर्व्हरचा प्रोसेसर निम्माही वापरात नसतो, रॅम मोकळी असते, आणि तरीही पाने उघडत नाहीत. कुणाचे पान चटकन येते, कुणाचे अर्धवट येऊन थांबते, कुणाला नुसता पांढरा पडदा दिसतो. मग कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतो, सगळे सुरळीत होते, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. मुलुंडचे एखादे कॉलेज असो, अंधेरीतले कार्यालय असो किंवा बोरिवलीतल्या काही इमारतींना नेट पुरवणारा लहान पुरवठादार असो, ज्यांच्या वाटेत कॅशिंग प्रॉक्सी सर्व्हर उभा असतो त्यांना हा प्रकार ओळखीचा असतो. यात मोडलेले काहीच नसते. एका वेळी किती जोडण्या हाताशी धरता येतील याची जी मर्यादा ऑपरेटिंग सिस्टीमने घालून दिलेली असते, तिला यंत्र जाऊन टेकलेले असते. ती मर्यादा वाढवणे दोन ओळींचे काम आहे आणि बहुतेक जण तेवढेच करून मोकळे होतात. माझे म्हणणे असे की या मर्यादांकडे केवळ संख्या म्हणून पाहण्यातच घोटाळा आहे. प्रत्येक मर्यादेच्या पोटात काळ दडलेला असतो. एक जोडणी किती सेकंद उघडी राहते, हा तो काळ. तो मोजला नाही तर कितीही मोठा आकडा एक दिवस अपुरा पडतो, आणि कधी कधी तो मोठा आकडाच सर्व्हरला बुडवतो.

प्रॉक्सी म्हणजे वापरणारा आणि बाहेरचे जग यांच्यामधला मध्यस्थ सर्व्हर. तुमची मागणी तो स्वतःकडे घेतो, बाहेरून वस्तू आणतो, तुम्हाला देतो आणि एक प्रत आपल्या डिस्कवर ठेवतो. शेजारच्याने तीच वस्तू मागितली तर ती घरातूनच निघते. या काटकसरीची गरज या भागाला फार जवळून माहीत आहे. जुहूमधले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, हे एर्नेट या शैक्षणिक जाळ्याचे एक मुख्य केंद्र होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथून अमेरिकेशी जो कायमचा दुवा जोडला गेला त्याचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. आजचे एक लाख बाइटचे साधे छायाचित्र त्या दुव्यावरून यायला ८३ सेकंद लागले असते. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिले, नोव्हेंबर १९९८च्या धोरणाने खासगी पुरवठादारांना दार उघडले, आणि मग गल्लोगल्ली सायबर कॅफे आले. तिथे एकाच बारीक जोडणीवर अनेक संगणक चालत. अशा ठिकाणी एकदा आणलेले दुसऱ्यांदा आणायचे नाही, हा शुद्ध व्यवहार होता. त्यासाठीचे सर्वांत परिचित साधन म्हणजे ‘स्क्विड’. अमेरिकेतल्या हार्वेस्ट या संशोधन प्रकल्पातील कॅशवरून ते तयार झाले, ड्वेन वेसल्स यांच्या पुढाकाराने १९९६मध्ये बाहेर पडले, आणि ते मोफत असल्यामुळे जगभरच्या कॉलेजांत, कार्यालयांत आणि लहान पुरवठादारांकडे जाऊन बसले. आजही ते चालू आहे.

आता मर्यादेकडे येऊ. लिनक्समध्ये चालणारा प्रोग्रॅम जेव्हा एखादी फाइल उघडतो किंवा नेटवर्कवर जोडणी करतो, तेव्हा त्या प्रत्येकीला एक क्रमांक मिळतो. त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. प्रॉक्सीकडे आलेली एक मागणी वरवर एक दिसते, पण कॅशमध्ये वस्तू नसेल तर ती तीन क्रमांक खाते: एक वापरणाऱ्याकडच्या जोडणीचा, एक बाहेरच्या सर्व्हरकडच्या जोडणीचा आणि एक डिस्कवर लिहिल्या जाणाऱ्या फाइलचा. एका प्रोग्रॅमला असे किती क्रमांक मिळावेत याची रूढ मर्यादा १,०२४ आहे. हा आकडा कुणी तुमच्या कॉलेजची पटसंख्या पाहून ठरवलेला नाही. जुन्या युनिक्समध्ये अनेक जोडण्यांवर एकदम लक्ष ठेवण्यासाठी ‘सिलेक्ट’ नावाची सोय होती. तिच्यातला तक्ता ठरावीक मापाचा होता आणि लिनक्सवर त्यात १,०२४च जागा मावत. पुढे ‘ईपोल’सारखी सोय आली आणि हे बंधन सुटले, पण जुने प्रोग्रॅम बिघडू नयेत म्हणून आकडा तसाच ठेवला गेला. सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या डिसेंबर २०१८मध्ये आलेल्या २४०व्या आवृत्तीने वरची कमाल मर्यादा ५,२४,२८८ केली, तरी सुरुवातीला मिळणारी मर्यादा मात्र १,०२४च राहिली. म्हणून ‘जाणकारांनी ठरवलेला आकडा आहे, त्याला हात कशाला लावायचा’ हा आक्षेप टिकत नाही. जाणकारांनी तो ठरवला खरा, पण जुन्या प्रोग्रॅमांच्या सुरक्षिततेसाठी. गजबजलेल्या प्रॉक्सीचा विचार त्यात नव्हता. क्रमांक संपत आले की स्क्विड लॉगमध्ये तसा इशारा देतो, शंभरेक क्रमांक स्वतःसाठी राखून ठेवतो आणि नव्या जोडण्या घेणे थांबवतो. प्रोसेसर मोकळा असताना लोकांना पांढरा पडदा दिसतो तो इथे.

मग किती क्रमांक हवेत? बहुतेक जण वापरणाऱ्यांची संख्या मोजतात आणि त्याला एखाद्या आकड्याने गुणतात. हा हिशेब चुकीच्या टोकाने सुरू होतो. अमेरिकन अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१मध्ये रांगांविषयीचा एक नियम सिद्ध केला. एखाद्या जागेत सरासरी किती जण असतात, तर दर सेकंदाला येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाचा तिथला सरासरी मुक्काम. कोण येते, कुठल्या क्रमाने येते, यावर हा नियम अवलंबून नाही, हे त्याचे मोठे बळ. घाटकोपर स्टेशनवर तो डोळ्यांनी दिसतो. ८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून मेट्रोतून उतरणाऱ्यांचा लोंढा मध्य रेल्वेच्या फलाटांकडे येतो. लोकल वेळेवर असतात तोवर फलाट भरतो आणि रिकामा होतो. एक गाडी दहा मिनिटे उशिरा आली की तोच फलाट तुडुंब होतो. त्या दहा मिनिटांत घाटकोपरची लोकसंख्या वाढलेली नसते. मेट्रोतून दर मिनिटाला तितकेच लोक उतरत असतात. वाढलेला असतो तो प्रत्येकाचा फलाटावरचा मुक्काम, आणि गर्दी त्याच पटीत वाढते. प्रॉक्सीवरच्या उघड्या जोडण्यांचे गणित हेच आहे, म्हणून क्रमांकांची गरज किती हे ठरवताना माणसे मोजण्याआधी मुक्काम मोजावा लागतो.

आकडे घालून पाहू. समजा एका प्रॉक्सीवर सेकंदाला ३०० मागण्या येतात आणि एक मागणी पुरी व्हायला सरासरी दीड सेकंद लागतो. म्हणजे कोणत्याही क्षणी ४५० मागण्या हातात आहेत. प्रत्येकीला तीन क्रमांक धरले तर १,३५० झाले. १,०२४ची मर्यादा इथेच मोडली, आणि हा भार काही अवाढव्य नाही. पण खरी गंमत पुढे आहे. ब्राउझर काम संपल्यावर जोडणी लगेच तोडत नाही. पुढची मागणी त्याच जोडणीवरून करता यावी म्हणून ती उघडी ठेवतो, आणि स्क्विडही अशी रिकामी जोडणी आपणहून दोन मिनिटे धरून ठेवतो. सेकंदाला ५० नव्या जोडण्या येत असतील आणि प्रत्येक जोडणी काम झाल्यावर १२० सेकंद तशीच बसत असेल, तर ६,००० क्रमांक काहीही न करणाऱ्या जोडण्यांनी अडवले. प्रत्यक्ष कामात १,३५० आणि नुसत्या बसलेल्या ६,०००! आता ही दोन मिनिटांची मुदत तीस सेकंदांवर आणली तर ६,०००चे १,५०० होतात. मर्यादेला हात न लावता गरज ७,३५०वरून २,८५०वर आली. मुदत कमी करण्याची किंमतही आहे. तीस सेकंदांनंतर परत आलेल्याला जोडणी नव्याने करावी लागते आणि त्यात थोडा वेळ जातो. तरीही उपनगरातल्या एखाद्या वसाहतीत, जिथे प्रॉक्सी वापरणाऱ्यापासून काही मिलिसेकंदांवर असतो, तिथे ही किंमत जवळपास शून्य आहे. दूरच्या सर्व्हरकडची जोडणी मात्र महागडी असते, म्हणून ती बाजू जपून कापावी. दोन्ही बाजूंना एकच मुदत लावणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा.

इतके झाल्यावर कुणी म्हणेल, मग २,८५०ला थोडी पुस्ती जोडून ४,००० ठेवू. इथेच वाईट दिवसाचा विचार करावा लागतो. ३० जानेवारी २००८ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या: फ्लॅग युरोप-एशिया आणि सी-मी-वी ४. दोन्ही मुंबईत उतरतात. भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या क्षमतेचा मोठा भाग त्या दिवशी गेला आणि उरलेली वाहतूक लांबच्या वाटांनी वळवावी लागली. अशा दिवशी कोणत्याही प्रॉक्सीवर काय होते ते याच नियमाने काढता येते. मागण्या तितक्याच येतात, पण दीड सेकंदात येणारे पान सहा सेकंदांनी येऊ लागते. हातात असलेल्या मागण्या ४५०वरून १,८००वर जातात, क्रमांक १,३५०वरून ५,४००वर. रिकाम्या १,५०० धरल्या तर ६,९००. शिवाय पान येत नाही म्हणून लोक रिफ्रेश दाबत राहतात, म्हणजे मागण्यांची संख्याही चढते. ४,०००ची मर्यादा ठेवणाऱ्याचा प्रॉक्सी त्या दिवशी बंद पडेल आणि दोष समुद्रातल्या केबलला जाईल. केबलमुळे नेट मंद झाले हे खरे, पण मंद नेट आणि बंद नेट यांतला फरक त्या सर्व्हरवरच्या आकड्याने केला. ६,९००ची दुप्पट १३,८०० होते. १६,३८४ची मर्यादा अशा ठिकाणी मी योग्य मानतो. हा आकडा मोजणीतून निघाला आहे, म्हणून उद्या मागण्या दुप्पट झाल्या तर तो कसा बदलायचा हेही माहीत असते.

सर्वांत जोरदार आक्षेप असा की एवढा हिशेब कशाला? रॅम स्वस्त आहे, मर्यादा काढूनच टाका, ‘अनलिमिटेड’ लिहा आणि विषय संपवा. हा मोह मला समजतो, कारण एका ओळीत काम होते. पण त्याचे परिणाम पाहण्यासारखे आहेत. स्क्विड सुरू होताना प्रत्येक संभाव्य क्रमांकासाठी एक नोंद असलेला तक्ता मेमरीत मांडतो. सिस्टमडीच्या त्याच आवृत्तीनंतर काही ठिकाणी, विशेषतः कंटेनरमध्ये, ‘अमर्याद’ लिहिल्यावर प्रत्यक्षात मिळणारा आकडा १,०७,३७,४१,८१६ झाला. एका नोंदीला चारशे बाइट धरले तरी तक्ता चारशे जीबीच्या वर जातो. स्क्विड मेमरी मागतो, मिळत नाही, आणि पहिली मागणी येण्याआधीच तो बंद पडतो. दुसरे काही प्रोग्रॅम आपली उपप्रक्रिया सुरू करताना सवयीने मर्यादेपर्यंतचा प्रत्येक क्रमांक बंद करत सुटतात. १,०२४ क्रमांकांत ते क्षणात उरकते, शंभर कोटींत ते मिनिटेच्या मिनिटे चालते आणि सर्व्हर हँग झाल्यासारखा दिसतो. हे टोकाचे प्रसंग बाजूला ठेवले तरी प्रत्येक उघड्या जोडणीमागे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीसाठी बफर राखावे लागतात आणि गरजेनुसार ते काही मेगाबाइटपर्यंत वाढू शकतात. मर्यादा नसलेला प्रॉक्सी वाईट दिवशी जोडण्या घेतच राहतो, मेमरी संपते, आणि मग कर्नल जो प्रोग्रॅम सर्वांत जास्त मेमरी खातो त्याला मारून टाकतो. तो प्रोग्रॅम स्क्विडच असतो. मर्यादा असती तर काही शे लोकांना थांबावे लागले असते. ती नसल्यामुळे सगळ्यांची जोडणी एकदम गेली. म्हणून मर्यादा ही सर्व्हरवरची बंदी आहे असे मला वाटत नाही. आत आहेत त्यांचे काम पुरे करण्याची ती हमी आहे.

आकडा काढला तरी तो लागू होतो का, हा वेगळाच प्रश्न, आणि इथे फार लोक फसतात. लिनक्सवर ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’ नावाच्या फाइलमध्ये मर्यादा लिहिण्याची जुनी पद्धत आहे. ती फाइल लॉगिन करताना वाचली जाते. सर्व्हर सुरू झाल्यावर सिस्टमडी स्क्विडला आपणहून उठवतो तेव्हा कुणीच लॉगिन केलेले नसते, त्यामुळे त्या फाइलला कुणी विचारत नाही. सिस्टमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये ‘लिमिट-नो-फाइल’ ही ओळ द्यावी लागते, आणि स्क्विडच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशनमधला कमाल डिस्क्रिप्टरचा आकडा तिच्याशी जुळवावा लागतो. याचा एक विचित्र परिणाम दिसतो. प्रशासक लॉगिन करतो, सिस्टमडीला बाजूला ठेवून हाताने थेट स्क्विड सुरू करतो, नवी मर्यादा लागू झालेली दिसते आणि तो समाधानाने घरी जातो. मध्यरात्री वीज जाऊन सर्व्हर आपोआप उठला की मर्यादा पुन्हा १,०२४. कागदावर सगळे बरोबर, आणि सकाळी नेट बंद.

डिस्क्रिप्टर वाढवल्यावर गर्दी पुढच्या अरुंद जागी जाऊन अडते, आणि त्या जागांच्या मर्यादाही मुळात काळाच्याच आहेत. बाहेरच्या एका सर्व्हरकडे जोडणी करताना लिनक्स एक तात्पुरता पोर्ट क्रमांक वापरतो. रूढ पल्ला ३२,७६८ ते ६०,९९९, म्हणजे २८,२३२ पोर्ट. जोडणी संपली तरी वाटेत रेंगाळलेली पाकिटे चुकून दुसऱ्या जोडणीत शिरू नयेत म्हणून तो पोर्ट साठ सेकंद बाजूला ठेवला जातो. भागाकार केला तर एकाच ठिकाणाकडे सेकंदाला साधारण ४७० नव्या जोडण्या, त्यापुढे नाही. अनेक संकेतस्थळांकडे विखुरलेली वाहतूक असेल तर ही अडचण येत नाही. पण उपनगरातला प्रॉक्सी सगळ्या मागण्या वरच्या एका मोठ्या प्रॉक्सीकडे पाठवत असेल तर ती हमखास येते. पल्ला १,०२४पासून ६५,५३५पर्यंत रुंद केला तर सेकंदाला हजाराच्या थोडे वर जाता येते. त्याहून चांगला उपाय म्हणजे वरच्या प्रॉक्सीकडच्या जोडण्या उघड्या ठेवून त्याच पुन्हा वापरणे. बऱ्याच जणांचा समज असा की ‘फिन टाइमआउट’ची सेटिंग कमी केली की ही साठ सेकंदांची मुदत कमी होते. तसे होत नाही. ती मुदत कर्नलमध्ये पक्की बसवलेली आहे आणि ती सेटिंग दुसऱ्याच एका अवस्थेसाठी आहे.

याहून घातक आहे ती जोडण्यांची नोंदवही. प्रॉक्सीच्याच यंत्रावर फायरवॉल किंवा नॅट चालू असेल, आणि वापरणाऱ्याच्या नकळत वाहतूक प्रॉक्सीकडे वळवणाऱ्यांकडे ती असतेच, तर कर्नल प्रत्येक जोडणीची नोंद ‘कॉनट्रॅक’ नावाच्या तक्त्यात ठेवतो. जोडणी नीट बंद झाली की नोंद जाते. पण सगळ्या जोडण्या नीट बंद होत नाहीत. फोन वायफायच्या टप्प्यातून बाहेर जातो, लॅपटॉपचे झाकण मिटते, राउटरची वीज जाते. अशा अर्धवट सुटलेल्या जोडणीची नोंद रूढ मुदतीनुसार ४,३२,००० सेकंद राहते, म्हणजे पूर्ण पाच दिवस. सेकंदाला अशी एकच जोडणी सुटली तरी पाच दिवसांत ४,३२,००० नोंदी साचणार, आणि तक्त्याची मर्यादा पुष्कळ यंत्रांवर २,६२,१४४ असते. हा आकडा एका दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा: तीन दिवस आणि थोडे वर. रीस्टार्ट केल्यावर तीन दिवस ठीक चालणारा आणि मग गुदमरणारा सर्व्हर इथे सापडतो. तक्ता भरला की कर्नल नवी पाकिटे मुकाट्याने टाकून देतो. स्क्विडच्या लॉगमध्ये याचा मागमूस नसतो, कारण ती पाकिटे स्क्विडपर्यंत पोहोचलेलीच नसतात. कर्नलच्या लॉगमध्ये मात्र तक्ता भरल्याची ओळ स्वच्छ लिहिलेली असते. या रोगावर तक्ता दुप्पट केला तर बिघाड तिसऱ्या दिवसावरून सहाव्या दिवसावर जाईल असे वाटते. या उदाहरणात पाच दिवसांनी नोंदी गळू लागल्यामुळे कदाचित तो टळेलही, पण सुटणाऱ्या जोडण्या दुप्पट झाल्या की पुन्हा तेच. मुदत पाच दिवसांवरून एका तासावर आणली तर त्याच गळतीच्या ३,६०० नोंदी राहतात. तासभर एकही पाकीट न पाठवता जिवंत राहणारी जोडणी वेब प्रॉक्सीवर क्वचितच असते. त्यामुळे ही मुदत कमी करण्यात मला काही धोका दिसत नाही. नव्या जोडण्या स्वीकारण्याच्या रांगेबद्दल थोडक्यात एवढेच: लिनक्सच्या ५.४ आवृत्तीपूर्वी तिची रूढ कमाल लांबी १२८ होती, आता ४,०९६ आहे. जुन्या सर्व्हरवर हा आकडा एकदा पाहून घ्यावा.

मेमरीचा हिशेबही याच साखळीत येतो. ६४ बिटच्या यंत्रावर डिस्कवरच्या दर एक जीबी कॅशमागे स्क्विडला सूचीसाठी सुमारे १४ एमबी रॅम लागते. डिस्क स्वस्त म्हणून ५०० जीबीची कॅश दिली तर सात जीबी रॅम नुसत्या सूचीत गेली. ८ जीबीच्या यंत्रावर असे केले की सिस्टीम स्वॅप वापरू लागते, प्रत्येक मागणीला लागणारा वेळ वाढतो, आणि लिटलच्या नियमाने उघड्या जोडण्या वाढतात. लॉगमध्ये शेवटी दिसतो तो डिस्क्रिप्टर संपल्याचा इशारा, आणि प्रशासक डिस्क्रिप्टर वाढवतो. कारण मात्र डिस्कच्या आकारात होते.

या सगळ्यावर एक मूलभूत आक्षेप आहे: आता जवळपास सगळी वाहतूक एचटीटीपीएसवर चालते, मधल्या प्रॉक्सीला आत काय आहे ते दिसत नाही, मग कॅश कसली आणि तिच्या मर्यादा कसल्या? आक्षेपाचा पहिला भाग बरोबर आहे. एचटीटीपीएसमध्ये प्रॉक्सी नुसता बोगदा उघडून देतो, त्यातून जाणारी वस्तू साठवू शकत नाही, आणि कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या प्रॉक्सीची बचत पूर्वीच्या तुलनेत फारच घटली आहे. पण निष्कर्ष उलटा निघतो. साठवलेली वस्तू देऊन मागणी काही मिलिसेकंदांत मोकळी करता येत होती, ती सोय गेली. बोगदा दोन क्रमांक अडवतो आणि चॅट किंवा मेल उघडे असेल तर तासन् तास अडवून बसतो. मुक्काम वाढला, म्हणजे त्याच लोकांसाठी क्रमांकांची गरज वाढली. बचत नको असली तरी नियंत्रण, नोंद आणि सुरक्षिततेसाठी प्रॉक्सी ठेवणाऱ्या संस्था भरपूर आहेत, आणि त्यांना हा हिशेब आधीपेक्षा जास्त लागतो.

शिवाय कॅशिंग प्रॉक्सी संपलेला नाही, तो दुसऱ्या बाजूला गेला आहे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल जमिनीवर येतात. तिथून फार दूर नसलेल्या चांदिवलीत मोठी डेटा सेंटर आहेत. तिथली जीपीएक्स कंपनीची केंद्रे २०२१मध्ये इक्विनिक्सने विकत घेतली. व्हिडिओ आणि संकेतस्थळे पुरवणाऱ्या कंपन्या आपल्या प्रती अशा केंद्रांत आणि थेट इंटरनेट पुरवठादारांच्या जागेत ठेवतात. नेटफ्लिक्सचे यासाठीचे सर्व्हर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर यांवर चालतात. एनजिनएक्समध्येही प्रत्येक वर्करला किती जोडण्या मिळाव्यात याची मर्यादा असते, तिचे रूढ मूल्य ५१२ आहे, आणि पाठीमागच्या सर्व्हरकडच्या जोडण्याही त्याच मोजणीत येतात. म्हणजे घाटकोपरमध्ये मोबाइलवर क्रिकेट पाहणाऱ्याच्या आणि मूळ प्रक्षेपणाच्या मध्ये आजही कॅशिंग प्रॉक्सीच उभा आहे. १९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषक अंतिम सामन्यात डिस्ने प्लस हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक असल्याचे जाहीर झाले. एवढ्या गर्दीत प्रत्येक जोडणी काही सेकंद जास्त रेंगाळली तर काय होईल, याचा अंदाज वरच्या गुणाकारावरून येतो. म्हणून अशा सेवा सामन्याच्या आधीच क्षमता वाढवून ठेवतात. ऐनवेळी यंत्रे जोडू म्हटले तर ती उभी राहायला जी मिनिटे लागतात, तेवढ्यात उघड्या जोडण्या मर्यादेला टेकलेल्या असतात.

लहान पुरवठादाराकडे किंवा शाळा-कॉलेजात यासाठी वेगळा माणूस नसतो, हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. तिथे एकच जण प्रिंटर दुरुस्त करतो, वायफायचे पासवर्ड देतो आणि प्रॉक्सीही सांभाळतो. त्याच्याकडून रोजच्या आलेखांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पण या कामाला फार वेळ लागत नाही. स्क्विडचा व्यवस्थापकीय अहवाल मागितला की एकूण किती डिस्क्रिप्टर आहेत, सध्या किती वापरात आहेत आणि वापरातला सर्वांत मोठा क्रमांक कोणता, हे तीन आकडे एकाखाली एक मिळतात. त्याच अहवालात मागण्यांचा दर आणि त्यांना लागलेला मध्यम वेळ असतो, म्हणजे गुणाकाराच्या दोन्ही घटकांचा अंदाज येतो. चालू प्रक्रियेला खरोखर कोणती मर्यादा लागू आहे ते ‘प्रॉक’ फाइल सिस्टीममधल्या तिच्या ‘लिमिट्स’ फाइलमध्ये दिसते. कॉन्फिगरेशनमध्ये काय लिहिले आहे यापेक्षा ती फाइल काय सांगते यावर विश्वास ठेवावा. कॉनट्रॅकमध्ये किती नोंदी साचल्या आहेत तो आकडा एका ओळीच्या आदेशाने कळतो. हे सगळे आकडे एका वहीत तारखेसह उतरवायला दहा मिनिटे पुरतात. फक्त वेळ नीट निवडावी. डिस्क्रिप्टर आणि मर्यादा सर्व्हर आपोआप उठल्यानंतर पाहाव्यात, मागण्यांचा दर गर्दीच्या तासाला पाहावा, आणि कॉनट्रॅकचा आकडा रीस्टार्टनंतर पाच दिवस उलटून गेल्यावर घ्यावा, कारण जुन्या नोंदी गळायला तोपर्यंत सुरुवातच झालेली नसते.